दिवाळीचा आवाज आणि दारचा राखणदार

(दिवाळीपूर्वी वाई येथे नागरिक, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यापुढे एका माहिती अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दिवाळी तोंडावर आली की माहिती कार्यालयातून जी प्रसिद्धिपत्रके बाहेर पडतात, त्यांत फटाक्यांसंबंधीचे एक पत्रक ठरलेले असते. मुलांनी सुती कपडे घालावेत, पाण्याची बादली जवळ ठेवावी, न उडालेला फटाका हातात घेऊन पाहू नये, अशा सूचना त्यात असतात. त्या योग्यच आहेत. परंतु त्या सर्व माणसाने माणसासाठी केलेल्या आहेत. ज्याला पत्रक वाचता येत नाही, दिवाळी कोणत्या तिथीस येते हे ज्याला ठाऊक नाही आणि हा आवाज शत्रूचा नसून आनंदाचा आहे असे ज्याला कोणी समजावून सांगू शकत नाही, असा एक जीव आपल्याच उंबऱ्यापाशी बसलेला असतो. आजचे माझे भाषण त्याच्याविषयी, म्हणजे कुत्र्याविषयी आहे.

विषय ऐकून काही श्रोत्यांच्या मुखावर स्मित उमटले, ते स्वाभाविक आहे. धरणे, रस्ते, शाळा आणि पीककर्ज यांच्या पंक्तीला हा विषय कसा बसला, असा प्रश्न त्यांना पडला असेल. पण भेदरलेला कुत्रा साखळी तोडून पळतो, वाट चुकतो, वाहनाखाली सापडतो. कोपऱ्यात कोंडला गेला तर चावतोही. म्हणजे हा प्रश्न भूतदयेचा आहे तितकाच सार्वजनिक आरोग्याचा आणि सुरक्षिततेचाही आहे. मी कला शाखेचा पदवीधर. पशुवैद्यक हा माझा व्यवसाय नव्हे. पशुवैद्यकशास्त्राने जे निश्चित केले आहे ते सर्वांना समजेल अशा भाषेत आपल्यापर्यंत पोचविणे, एवढेच माझे काम आहे.

परंपरेची साक्ष

वाई ही विद्येची नगरी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाची उभारणी या गावातून झाली. अशा ठिकाणी महाभारताची आठवण करून द्यावी लागत नाही. तरीही एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. या महाग्रंथाच्या आदिपर्वात सरमा नावाच्या देवशुनीची कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञस्थळी तिचे पिलू गेले असता राजाच्या भावांनी त्याला काही अपराध नसताना मारले. सरमा जाब विचारण्यास आली. कोणी उत्तर देईना, तेव्हा तिने शाप दिला, तो अकल्पित भयाचा. आपल्याला दिसत नाही आणि ज्याचे कारण कळत नाही असे भय हे किती मोठे दुःख असते, याची जाण त्या कथाकाराला होती. दिवाळीच्या रात्री कुत्र्याच्या वाट्याला येते ते नेमके हेच दुःख होय. त्याच महाभारताच्या शेवटाकडे युधिष्ठिर स्वर्गाच्या दारात उभा राहतो आणि सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून आत जाण्याचे नाकारतो.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. बावधनचा भैरवनाथ आपल्या शेजारचा. भैरवाचे वाहन कुत्राच. खंडोबाच्या सेवेत कुत्रा आहे. हीच कृष्णा पुढे सांगली जिल्ह्यात औदुंबरला दत्ताच्या पायाशी पोचते, आणि दत्ताच्या पायाशीही कुत्रीच बसलेली आहेत. आपण बेंदराला बैलाची आणि वसुबारसेला गाय-वासराची पूजा करतो. नेपाळात तर ऐन दिवाळीच्या दिवसांत ‘कुकुर तिहार’ साजरा होतो. त्या दिवशी कुत्र्याला टिळा लावून गळ्यात फुलांची माळ घालतात आणि त्याला गोडधोड देतात. आपल्याकडे त्याच दिवसांत कुत्र्याच्या अंगावर माळ येते ती कित्येकदा फटाक्यांची असते, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

फटाके आपल्याकडे आज आले असे नव्हे. एकनाथ महाराजांच्या ‘रुक्मिणीस्वयंवर’ या १६ व्या शतकातील काव्यात विवाहप्रसंगीच्या दारूकामाचे वर्णन आहे. सांगली जिल्ह्यातील कवठेएकंद येथे विजयादशमीच्या रात्री होणारी शोभेच्या दारूची आतषबाजी पाहण्यास दूरदूरचे लोक जातात. मला हा सारा आनंद पुसून टाकावयाचा नाही. ‘शोभेची दारू’ या शब्दातच शोभा आहे, म्हणजे डोळ्यांचा आनंद आहे. पुढे कधीतरी शोभेची जागा दणक्याने घेतली. भुईनळ्यापेक्षा सुतळी बॉम्ब मोठा ठरला. कुत्र्याचे भांडण प्रकाशाशी फारसे नाही. ते या दणक्याशी आहे.

कान आणि आवाज

माणसाचा कान साधारणपणे एका सेकंदात २० ते २०,००० कंपने होणारे ध्वनी ऐकतो. कुत्र्याच्या कानाला सुमारे ४५,००० कंपनांपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, आणि उंच स्वरांतील जो बारीक आवाज आपल्या कानी पडतही नाही तो त्याला स्पष्ट कळतो. याच कानांच्या बळावर तो रात्री आपले घर राखतो. रॉकेटची शीळ आणि तिच्या पाठोपाठ येणारा स्फोट यांचा मारा त्याच तीक्ष्ण कानांवर होतो.

नियमानुसार, फटाका उडविल्या जागेपासून ४ मीटर अंतरावर त्याचा आवाज १२५ डेसिबलहून अधिक असता कामा नये. आपले नेहमीचे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. डेसिबलच्या मापात दर १० ने वाढ झाली की ध्वनीची तीव्रता दहापट होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘नियमात बसणारा’ फटाकाही केवढा असतो याची कल्पना येईल.

वाईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. गाव डोंगरांच्या कुशीत, आळ्या अरुंद, घाट दगडी. एक किलोमीटरवरच्या डोंगरावर आदळलेला आवाज सुमारे ६ सेकंदांनी परत येतो. आपल्याला तो प्रतिध्वनी म्हणून कौतुकाचा वाटतो. कुत्र्याला मात्र एक स्फोट समोरून आणि दुसरा पाठीमागून झाल्यासारखे वाटते. कोणत्या दिशेला पळावे हे त्याला उमगत नाही. आवाजाच्या तीव्रतेइतकेच त्याचे अकस्मात येणे त्याला छळते. गिरणीचा भोंगा किंवा एस.टी.चा घरघराट मोठा असला तरी ठरलेला असतो, म्हणून त्याची सवय होते. फटाका केव्हा वाजेल आणि केव्हा थांबेल याला काही धरबंध नसतो.

भीतीची भाषा

कुत्रा थरथर कापतो, पळतो, कॉटखाली दडतो, हे सर्वांस दिसते. परंतु भीतीची काही लक्षणे मुकाट असतात व ती नजरेतून निसटतात. ऊन नसता धापा टाकणे, लाळ गळणे, शेपूट पोटाखाली घेणे, कान मागे पाडणे, पुन्हा पुन्हा जांभया देणे, ओठ चाटणे, आवडीचा घासही न खाणे, घरात लघवी होणे, माणसाच्या पायांना चिकटून राहणे किंवा एका जागी दगडासारखे निश्चल होणे, ही सारी भीतीचीच रूपे होत. ‘आमचा कुत्रा शहाणा, फटाके वाजले तरी हलत नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी त्याच्या डोळ्यांकडे एकदा नीट पाहावे. भीतीने गोठलेला प्राणीही हलत नाही.

वयाबरोबर ही भीती आपोआप जाते, अशी एक समजूत आहे. अनुभव बहुधा उलटा येतो. दरवर्षी घाबरणारा कुत्रा पुढे ढगांच्या गडगडाटाला, मग दार आपटण्यालाही घाबरू लागतो. एखादा म्हातारा कुत्रा, जो पूर्वी निर्धास्त असे, एकाएकी आवाजाला भिऊ लागला तर त्याचे सांधे दुखत नाहीत ना, हे पशुवैद्यांकडून तपासून घ्यावे. दुखऱ्या अंगाला प्रत्येक दचका अधिक लागतो.

तयारी पंचांगाप्रमाणे

दिवाळीच्या रात्री धावपळ करून फारसे साधत नाही. शेतकरी पेरणी नक्षत्र पाहून करतो, तशी ही तयारीही आधीच्या सणांच्या खुणा धरून करावी.

गणेशविसर्जनाचा गलबला शमला की ‘कानाची शाळा’ सुरू करता येते. फटाक्यांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण मोबाईलवर सहज मिळते. ते इतक्या हळू लावावे की कुत्र्याने कान टवकारावेत, पण खाणे थांबवू नये. त्याच वेळी त्याला आवडीचा घास द्यावा किंवा त्याच्याशी खेळावे. रोज पाचएक मिनिटे पुरेत. काही दिवसांनी आवाज किंचित वाढवावा. तो बिचकला तर आपण घाई केली असे समजून मागच्या पायरीवर यावे. आवाज म्हणजे संकट ही त्याच्या मनातील गाठ सुटून, आवाज म्हणजे खाऊ अशी नवी गाठ बसावी, हा यातील हेतू. ज्या कुत्र्याची भीती फार खोल गेली आहे त्याच्या बाबतीत हे काम पशुवैद्यांच्या सल्ल्याने करावे.

नवरात्रात एकदा पशुवैद्यांची भेट घ्यावी. रेबीजची लस दिलेली नसल्यास द्यावी. कुत्रा अतिशय घाबरणारा असेल तर औषधाविषयी त्याच वेळी विचारावे. आज भीती कमी करणारी औषधे उपलब्ध आहेत. परंतु कोणते, किती आणि केव्हा, हे कुत्र्याचे वजन, वय व प्रकृती पाहून पशुवैद्यांनीच ठरवावयाचे असते. घरातील माणसांच्या झोपेच्या गोळ्या त्याला कदापि देऊ नयेत. पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या ॲसेप्रोमॅझिनसारख्या गुंगीच्या औषधाने शरीर सुस्त पडते, पण भीती तशीच राहते. बाहेरून शांत दिसणारा तो प्राणी आतून सर्व काही ऐकत असतो आणि त्याला पळताही येत नाही.

दसऱ्यापासून कोजागरीपर्यंतच्या दिवसांत गळपट्टा तपासावा. तो सैल नसावा आणि काचणाराही नसावा. पट्ट्याखालून दोन बोटे जावीत. त्यावर आपला दूरध्वनी क्रमांक ठळक लिहावा आणि कुत्र्याचे अलीकडचे छायाचित्र जवळ ठेवावे. हरवलेला कुत्रा घरी परत येण्यात या साध्या गोष्टींचा वाटा मोठा असतो.

वसुबारसेपर्यंत त्याची ‘गुहा’ सिद्ध असावी. घरातील सर्वांत आतली, रस्त्यापासून दूरची खोली निवडावी. जुन्या वाड्यांतून माजघर किंवा कोठीची खोली यासाठी उत्तम. खिडक्यांना जाड पडदे अथवा घोंगडी लावावी, कॉटखाली किंवा कोपऱ्यात त्याचे रोजचे अंथरूण आणि घरच्यांच्या वासाचे जुने लुगडे किंवा सदरा ठेवावा. पाण्याचे भांडे जवळ असावे. आत जाणे आणि बाहेर येणे त्याच्या इच्छेवर सोडावे. कोंडलेल्या कुत्र्याला तीच खोली तुरुंग वाटू लागते.

प्रत्यक्ष दिवाळीत

महाराष्ट्रात दिवाळीचा दणदणाट दोन वेळी अधिक असतो, नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानाच्या सुमारास भल्या पहाटे आणि लक्ष्मीपूजनाला दिवेलागणीनंतर. आपल्या कुत्र्याचा दिनक्रम या दोन वेळा टाळून बेतावा. नरकचतुर्दशीला पहाटेचे फिरणे उजाडल्यानंतर, आवाज ओसरल्यावर करावे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपार कलल्यावर त्याला भरपूर फिरवून आणावे आणि सूर्यास्तापूर्वी जेवू घालावे. दमलेला व पोट भरलेला प्राणी लवकर विसावतो. या दिवसांत त्याला मोकळे सोडू नये. सवयीचा, हाकेला धावून येणारा कुत्राही एका स्फोटासरशी धूम ठोकतो, आणि त्या क्षणी त्याला आपली हाक ऐकू येत नाही.

संध्याकाळी दारे-खिडक्या लावून घ्याव्यात. पाहुण्यांच्या ये-जा करण्यात दार उघडे राहते व तेवढ्यात कुत्रा निसटतो. म्हणून दाराची जबाबदारी घरातील एका व्यक्तीवर सोपवावी. रेडिओ किंवा पंखा चालू ठेवावा, त्याच्या सलग आवाजात बाहेरचे दणके काहीसे बोथट होतात. काही कुत्र्यांना छातीभोवती सुती कापड बेताने गुंडाळल्यास धीर येतो. मात्र त्याला ते नको असेल तर सक्ती करू नये. कानात कापसाचे बोळे खोलवर कोंबू नयेत.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. कुत्र्याला साखळीने अंगणात बांधून ठेवू नये. भीतीने हिसके देताना साखळी खांबाला गुरफटून त्याच्या गळ्याला फास बसतो. तसेच त्याला गच्चीवर किंवा सज्ज्यात एकटे ठेवू नये. बिथरलेला कुत्रा उंचीचा विचार न करता उडी घेतो.

आता एक जुना गैरसमज. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतले तर तो अधिक भित्रा होतो, असे पूर्वी सांगितले जाई. हे खरे नाही. भीती हा काही लाड करून शिकविण्याचा गुण नव्हे. कुत्रा आपणहून जवळ आला तर त्याला जवळ बसू द्यावे, अंगावरून सावकाश हात फिरवावा, नेहमीच्या आवाजात बोलावे. तो दूर दडून बसला असेल तर ओढून बाहेर काढू नये. त्याला मारणे, दरडावणे, ‘सवय व्हावी’ म्हणून फटाक्यांजवळ नेणे, या गोष्टी केवळ निर्दयपणाच्या आहेत आणि त्यांचा उपयोगही होत नाही.

फराळ, भाजणे आणि दंश

दिवाळीत कुत्र्याला आवाजाखेरीज फराळाचाही धोका असतो. तासगावचा बेदाणा आपल्या लाडवांची आणि शिऱ्याची शोभा वाढवितो; परंतु बेदाणे, मनुका व द्राक्षे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, अगदी थोड्या प्रमाणातही. चॉकलेट त्याला विषारी आहे. तळणीचे पदार्थ त्याच्या पोटाला झेपत नाहीत. सणाचा घास म्हणून त्याला बेताची भाकरी द्यावी. त्यात त्याचा सण होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडताना न उडालेले फटाके व त्यांचे तुकडे गोळा करावेत. त्यांत गंधक, बेरियम, ॲल्युमिनियम यांसारखे पदार्थ असतात आणि हुंगता हुंगता कुत्रा ते चघळतो. ओकारी, रक्तमिश्रित हगवण किंवा झटके दिसल्यास विलंब न लावता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. भाजल्यास त्या जागेवर साधे गार पाणी बराच वेळ सोडावे, स्वच्छ ओल्या कापडाने झाकावे. हळद, तूप, शाई किंवा दंतमंजन लावू नये. डोळ्याला इजा झाल्यास घरगुती उपाय करूच नयेत. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना सणाच्या दिवशी किती वेळ उघडा राहतो, याची चौकशी आधीच करून ठेवावी. आपल्या जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हेही लक्षात असू द्यावे.

घाबरलेल्या कुत्र्याने माणसाला चावा घेतला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. रेबीज एकदा उद्भवला की त्यातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही; वेळीच घेतलेली लस मात्र त्याला वाचविते. ‘दिवाळी झाल्यावर पाहू’ हे वाक्य येथे जिवावर बेतते.

ज्याला मालक नाही तो कोणाचा?

येथवर मी घरातल्या कुत्र्याविषयी बोललो. परंतु वाईसारख्या गावातील बहुसंख्य कुत्री एका घराची नसतात. ती आळीची असतात. एका दारात त्यांना सकाळची भाकरी मिळते, दुसऱ्या ओसरीवर दुपारची सावली, आणि रात्री ती सगळ्या आळीची राखण करतात. त्यांना माजघर नाही, पडदा नाही, रेडिओ नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ती घाटाच्या पायऱ्यांखाली, मोरीत, उभ्या वाहनांखाली आसरा शोधतात. काही गाव सोडून पळतात. पुणे-बंगळूर महामार्ग तर सुरूरपाशी फार दूर नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारासच माण-फलटणकडील मेंढपाळ आपली मेंढरे घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात. त्यांचा मुक्काम गावाबाहेरच्या शेतात असतो आणि लांडग्या-बिबट्यापासून कळपाची राखण कुत्री करतात. गावातील एका बारासरशी असे कुत्रे उधळले, तर त्या रात्री मेंढरे राखणाविना राहतात. ज्या कुटुंबाचा सारा संसार चार पायांवर चाललेला असतो, त्याचे हे नुकसान आपल्या आनंदाच्या हिशेबात कोठेच धरलेले नसते.

अशा कुत्र्यांसाठी काय करता येईल? वाड्याचा दिंडीदरवाजा, गोठा किंवा जिन्याखालची जागा त्या रात्री उघडी ठेवता येईल. तेथे एक पोते व पाण्याचे भांडे पुरे. वाहन सुरू करण्यापूर्वी खाली वाकून पाहता येईल. दडून बसलेल्या कुत्र्याला हुसकू नये, मुलांनी त्याच्याजवळ घोळका करू नये. त्याला परत फिरण्याची वाट मोकळी ठेवावी. हे सर्व करण्यास पैसा लागत नाही. परंतु एका घराने केल्याने ते पुरेसेही होत नाही. मी माझ्या घरी कितीही पडदे लावले तरी समोरच्या दारात मध्यरात्रीपर्यंत बॉम्ब वाजत राहिले तर त्या पडद्यांचा उपयोग काय? शांतता ही एकट्याला विकत घेता येत नाही. ती शेजाऱ्यांनी एकमेकांना द्यावी लागते.

कायदा आणि त्यापलीकडे

कायदा या बाबतीत मुका नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० सालचा आहे. कुत्र्याच्या शेपटीला फटाक्यांची माळ बांधणे हा त्याखाली गुन्हा ठरतो. प्राण्यास ठार मारणे किंवा जायबंदी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खालीही अपराध आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाच्या फटाक्यांना मनाई केली. २०१८ च्या निर्णयात दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली आणि फटाक्यांच्या लांबलचक माळांना बंदी केली. त्यानंतर ‘हरित फटाके’ आले. त्यांच्या निर्मितीत नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. त्यांनी धूर कमी होतो ही समाधानाची बाब आहे. तथापि हरित फटाकाही वाजतोच, हे विसरून चालणार नाही.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात जी मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली, त्यांत प्राणिमात्रांविषयी दयाभाव बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. परंतु प्रत्येक आळीच्या तोंडाशी पोलीस उभा करून दया अमलात आणता येत नाही. तेथे गावाचा शब्द लागतो.

असा शब्द पाळणारी गावे आपल्या देशात आहेत. तमिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात वेट्टंगुडी पक्षी अभयारण्यालगत कोल्लुकुडीपट्टी नावाचे खेडे आहे. तेथील तळ्यांवर दूरदेशीचे पक्षी विणीसाठी येतात. त्यांनी भिऊन घरटी सोडू नयेत म्हणून या गावाने कित्येक दशके दिवाळीत फटाके वाजविलेले नाहीत. फटाक्यांची राजधानी शिवकाशी त्याच राज्यात आहे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. इटलीतील कोलेकियो या लहानशा गावाने २०१५ मध्ये जनावरांची भीती लक्षात घेऊन बिनआवाजी आतषबाजीचा नियम केला. आणि आपल्या सातारा जिल्ह्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या चळवळीने शाळाशाळांतून फटाकेमुक्त दिवाळीची हाक दिली, ती तर आपल्या घरचीच आहे.

वाईला अशा सामुदायिक शिस्तीचा धडा कोणी बाहेरून देण्याची गरज नाही. येथे कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटाने, पाळीपाळीने साजरा होतो. प्रत्येक घाटाचे दिवस ठरलेले, माणसे ठरलेली, जबाबदारी ठरलेली. एका नदीच्या उत्सवासाठी आळीआळीने एकत्र बसून जे ठरविता येते, ते चार रात्रींच्या फटाक्यांसाठी का ठरविता येऊ नये?

म्हणून प्रत्येक आळीने वसुबारसेपूर्वी एकदा एकत्र बसावे आणि तीन गोष्टी ठरवाव्यात, अशी माझी विनंती आहे. पहिली गोष्ट जागेची. फटाके दारोदार न उडविता वस्ती, गोठे, दवाखाने आणि मेंढपाळांचे मुक्काम यांपासून दूर, मोकळ्या मैदानात एकाच ठिकाणी उडवावेत. दुसरी गोष्ट वेळेची. कायद्याने दिलेल्या वेळेतही आळीने आपली अशी अर्धी घटका ठरवावी व ती सर्वांना आधी कळवावी. वेळ ठाऊक असली म्हणजे कुत्र्याला, तान्ह्या मुलाला आणि हृदयविकाराच्या रुग्णाला सांभाळणाऱ्यांना तयारी करता येते. तिसरी गोष्ट निवडीची. सुतळी बॉम्ब आणि डांबरी माळा आळीने आणूच नयेत. फुलबाजे, भुईचक्र, भुईनळे आणि आकाशकंदील यांवर समाधान मानावे. मुलांना विश्वासात घेऊन ही निवड त्यांच्याकडूनच करवून घ्यावी. कोणती आळी हे ठरविते आणि पाळते, याची चर्चा गावात होऊ लागली की पुढच्या वर्षी आमच्या पत्रकाची आठवण देण्याचीही गरज उरणार नाही.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यासाठी एक काम वेगळे आहे. आपल्या आळीत किती कुत्री आहेत, ती रात्री कोठे निजतात आणि कोणाला पाहून शेपूट हलवितात, याची एक यादी करा. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती यादी घेऊन आळीतून एक फेरी मारा. यादीतील प्रत्येक कुत्रा जागेवर सापडला, तर आपल्या आळीची दिवाळी चांगली झाली असे खुशाल समजा.

आपण सर्वांना ही दिवाळी प्रकाशाची जावो.